कॅम्पिंगचं सामान मागवलं आणि १४,८५७ रुपये गेले, सोलापूरकरांनो वाचा

राग अजून उतरला नाही म्हणून लिहितोय. लाज पण वाटतेय, कारण ऑफिसात सगळ्यांना लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका सांगणारा माणूस मीच. आणि मीच अडकलो.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी होती, भंडारदऱ्याला तलावाकाठी दोन रात्री राहायचं ठरलं, आम्ही चौघं. पोरीनं वहीच्या पानावर यादी केली होती, टेंट, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, गॅस, दोरी, ओआरएस, पट्ट्या, शिट्टी. खायचं घरचंच, कडक भाकरी आणि शेंगा चटणीला काय होत नाही. अडलं ते टेंटपाशी. नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो, मिळाले ते लहान पोरांचे खेळायचे तंबू. बायको म्हणाली, घरात सहा चादरी पडल्यात, ताडपत्री घ्या न चला. ऐकायला पाहिजे होतं.

मोबाईलवर एक पेज दिसलं. चार जणांचा टेंट, ३००० एमएम वॉटरप्रूफ, चार स्लीपिंग बॅगा, दोन हेडलॅम्प, छोटी शेगडी आणि दोन गॅस कॅनिस्टर, सगळं मिळून ६,४९९. स्वस्त होतं, मान्य, पण सीझन संपत आलाय, स्टॉक काढतोय असं म्हणाले. मी काय आंधळेपणानं पैसे नाही टाकले, स्लीपिंग बॅग किती डिग्रीपर्यंत चालते विचारलं, टेंटचं वजन विचारलं, पोरगा सगळं नीट सांगत होता, व्हिडिओ पण पाठवला. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला. तिथंच फोन ठेवायचा. जो माणूस माल दारात आल्यावर पैसे घ्यायला तयार नाही त्याला एक रुपया देऊ नका.

९ तारखेला ६,४९९ भरले. १० ला फोन, सर पार्सलमध्ये गॅस आहे, कुरिअरवाले इन्शुरन्स मागतात, १,१८० भरा, माल पोचला की परत. भरले. ११ ला परत फोन, गॅस ज्वलनशील, क्लिअरन्सचे २,९९९, हे पण रिफंडेबल. आता लोक हसतात, पण मला पटलं कारण गॅस रेल्वेतून नेता येत नाही हे मला माहीत होतं, आमचं हुतात्मा एक्सप्रेसचं रिझर्वेशन होतं आणि म्हणून तर कॅनिस्टर आधीच मागवून पुण्याच्या मित्राच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं होतं. खरी अडचण माझीच होती, ती त्यानं माझ्याच बोलण्यातून उचलली आणि माझ्यावरच वापरली. अनोळखी माणसाला आपला प्लॅन सांगत बसू नका हो.

संध्याकाळी मला शंका आली, म्हटलं ऑर्डर कॅन्सल, पैसे परत द्या. तो लगेच हो म्हणाला! आधी इन्शुरन्स आणि क्लिअरन्सचे ४,१७९ सोडतो म्हणाला, क्यूआर पाठवला, स्कॅन करा, पैसे खात्यात येतील. मी स्कॅन केलं. स्क्रीनवर रक्कम आली ४,१७९, वर एका बाईचं नाव, दुकानाचं नाव कुठंच नाही, खाली पिन टाका. मी ते नाव वाचलं. वाचलं आणि थांबलो पण, अंगठा स्क्रीनवर तसाच होता, तो फोनवर सर लवकर सर सेशन संपतंय म्हणत होता आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात. हे मला माहीत होतं! रोज दहा वेळा स्कॅन करतो मी भाजीवाल्याकडं. ते तीन सेकंद रोज रात्री आठवतात.

मग फोन बंद. त्या रात्री मी घरात कुणालाच सांगितलं नाही, ही दुसरी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच मिनिटाला फोन लावायचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते अडवता येतात. मी सकाळी लावला.

आणि पोलीस स्टेशनची कहाणी तर ऐकाच. १२ तारखेला गेलो, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणाले सिद्धेश्वर यात्रेचा बंदोबस्त आहे, नंतर या. बंदोबस्त असतो, कळतं मला, पण एक माणूस अर्ज घ्यायला बसत नाही का? १६ ला गेलो तर म्हणे हे सायबरचं, तिकडं जा. तिकडं गेलो तर आमच्याकडं मोठ्या रकमा येतात, हद्दीच्या स्टेशनलाच द्या. परत हद्दीत! तिथले साहेब म्हणाले, आरोपी बाहेरच्या राज्यातला, इथं काय होणार, आणि वर, अहो शिकलेले दिसता, पिन कशाला टाकलात? अहो मी चोर आहे का? नवीन कायद्यात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. ते छापून नेलं तर साहेब बघतो म्हणाले आणि कागद फाईलखाली सरकवला. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही, फॉर्म भरा. फॉर्म भरला. पोच मागितली तर शिक्का मारणारी मॅडम रजेवर.

पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका. फोन बंद झाला तरी चॅट डिलीट करू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, वेगळा लिहून ठेवा, माझे चार होते आणि पहिल्या अर्जात मी दोनच लिहिले.

सुट्टीत आम्ही गेलो, ताडपत्री न चादरी घेऊन, तंबू तिथल्याच कॅम्पवाल्याकडनं भाड्यानं, पैसे तंबूत शिरल्यावर दिले. तेच पेज आता दुसऱ्या नावानं चालू आहे, टेंटचा फोटो तोच, मागं तोच पिवळा पडदा. स्क्रीनशॉट काढलेत. सोमवारी अर्जाच्या दोन प्रती घेऊन परत स्टेशनला जाणार आहे. सोलापुरात अजून कुणाचे असे पैसे गेले असतील तर सांगा, चौघंपाच जण एकदम गेलो तर निदान खुर्ची तरी देतील.