८ इंची डॉब्सोनियन सात महिने वापरल्यावर: आरशाच्या काठाची भानगड

दिवाळीत ही डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घेतली. २०३ मिमीचा आरसा, १२०० मिमी फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर). कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवरून आणि अमावास्येच्या आसपास मसाई पठारावर नेऊन भरपूर वापरलीय, म्हणून आता लिहितोय.

५० पटीला एकदम झकास, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ बघून घरचे सगळे खूश. गडबड दिसली ती गुरूवर. २०० पटीला गेलं की पट्टे दिसायचे पण कडा सुटलेल्या आणि भोवती दुधाळ धूसरपणा, आधी वाटलं गच्चीचा स्लॅब तापलाय त्याची हवा असेल, मग दोन-दोन तास आरसा गार होऊ दिला, कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) परत परत केलं, तरी तेच.

शेवटी स्टार टेस्ट केली. ठळक तारा घ्यायचा, जास्त पटीला फोकस थोडा आत, थोडा बाहेर करायचा आणि दोन्हीकडची वर्तुळं ताडून बघायची. माझी वर्तुळं लंबगोल, आत एका दिशेला आणि बाहेर ९० अंशांत फिरलेली, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम, आरशाचा वाक दोन दिशांना वेगवेगळा. पोटात गोळाच आला! पण सेलमधल्या (आरसा धरून ठेवणाऱ्या चौकटीतल्या) क्लिपा आरशाला आवळून बसल्या होत्या, कागद सरकेल एवढ्या सैल केल्या आणि लंबगोल गेला. आरशाला नावं ठेवण्याआधी क्लिपा बघाच.

धूसरपणा मात्र राहिला. फोकसच्या आत वर्तुळांची बाहेरची कड विस्कटलेली, बाहेर मात्र नीट. ही टर्न्ड एज, पॉलिश करताना काठ जास्त घासला जाऊन खाली उतरतो आणि तिथला प्रकाश फोकसच्या पुढं जाऊन जुळतो. चूक केवढी लागते म्हणाल तर हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, रेलेच्या निकषानं, म्हणजे प्रतिमा बिघडू नये म्हणून किती चूक चालते त्या नियमानं, प्रकाशात पाव तरंगाची चूक चालते, पण परावर्तनात चूक दुप्पट होते म्हणून आरशावर जेमतेम ७० नॅनोमीटरची सूट. हबल अवकाश दुर्बिणीचंच बघा की, २.४ मीटरचा आरसा, टेस्टच्या उपकरणातली लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसली म्हणून काठाला २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला, आणि १९९० ला वर गेल्यावर तारे पसरट, ते १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत. त्यांचा दोष अख्ख्या आरशावर पसरलेला, माझा फक्त काठाला, म्हणून झाकता आला.

काळ्या कार्डशीटची रिंग कापली, आतला व्यास १९० मिमी, आणि काठावर बसवली. १२ टक्के प्रकाश गेला पण त्याच रात्री गुरूचे पट्टे स्वच्छ, नंतर एकदा उपग्रहाची सावली काळ्याभोर टिंबासारखी सरकताना दिसली, मी आणि धाकटा भाऊ पाळीपाळीनं तासभर बघत होतो.

विकणाऱ्यानं 'लिमिटमध्ये आहे' म्हणून हात वर केले, टेस्ट रिपोर्ट दिलाच नाही, याचा राग अजून आहे. तुम्ही घेणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत स्टार टेस्ट कराच. आता पावसाळ्यात इथं आकाश बंदच, तेवढ्यात आरसा परत फिगरिंग (घासून आकार नीट करणं) आणि अ‍ॅल्युमिनियम कोटिंगला पाठवतोय.