सीबी ५५० चा कॅफे रेसर: चालवायला किती, दाखवायला किती

निकाल आधीच सांगून टाकतो. सत्तरच्या दशकातली होंडा सीबी ५५० फोर ही मोटरसायकल घेऊन तिचा कॅफे रेसर (पुढे झुकून चालवायची, आखूड सीटची, अनावश्यक भाग काढलेली गाडी) करायचा असेल, तर पुढचा ब्रेक, फोर्क, बेअरिंग, टायर आणि बसायची ढब यांवर केलेला खर्च पहिल्याच वळणावर वसूल होतो. सीटखालचा भाग पोखरून आरपार उजेड दिसावा म्हणून जे काही खर्चाल त्यातलं मात्र दमडीही परत येत नाही. फोटो छान येतो, एवढंच.

आता ५५० च का? कॅफे रेसर ही मुळात ब्रिटिश पोरांची हौस. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेत जमणारी रॉकर मंडळी (मोटरसायकलवेडी तरुण पोरं) ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ नावाच्या चेसिसमध्ये बसवून ‘ट्रायटन’ बनवायची आणि ताशी शंभर मैल गाठायच्या मागे असायची. १९६९ मध्ये तो कॅफे बंद पडला (पुढे पुन्हा उघडला ती गोष्ट वेगळी) आणि त्याच साली होंडाची सीबी ७५० बाजारात आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की इंजिन चालू. कॅफेवाल्यांचा जमाना जिने मागे टाकला, तिच्याच भावंडांना आज आपण कॅफेवाल्यांचे कपडे चढवतो, याची मला अजून गंमत वाटते.

७५० चं नाव मोठं असलं तरी या कामाला मी ५५० च निवडीन. १९७४ ची ही गाडी ५४४ सीसीची, सुमारे ५० हॉर्सपॉवरची, थोरल्या बहिणीपेक्षा हलकी आणि वळणात जास्त आज्ञाधारक. शिवाय एक फरक कामाचा आहे. ७५० चं इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि ती टाकी सीटखाली बाजूच्या कव्हरमागे बसते. ५५० चं ऑइल इंजिनच्या पोटातच. म्हणजे मागे सीट आखूड करताना ऑइलच्या टाकीचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही. आणि याच सोयीमुळे लोकांना सीटखालची ती त्रिकोणी जागा रिकामी करायचा मोह होतो, पण त्याकडे पुढे वळू.

गाडी उघडताना पहिली गाठ पडते ती स्क्रूशी. जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. ते दिसतात फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचा पेचकस त्यांत नीट बसत नाही. जोर लावला की निसटून वर येतो आणि फुलीचा खड्डा गोल करून ठेवतो. क्रँककेसच्या कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं ॲल्युमिनियममध्ये रुतलेले असतात, त्यामुळे एक स्क्रू गोल झाला की ड्रिल काढायची पाळी येते. जेआयएसचा पेचकस घ्या, सोबत हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. या अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी हीच. परत लावताना ॲलनचे (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बोल्ट घाला. कोणी म्हणेल ओरिजिनल दिसत नाही. ग्राइंडरने चेसिस कापायला निघालेल्या माणसाने ओरिजिनलची काळजी करावी यात तसा अर्थ नाही.

चेसिस. मागचा भाग कापून गोल वळवलेला पाइप जोडायचा आणि त्यावर कुबडवाली सीट बसवायची, ही ठरलेली रीत. तयार वळवलेला पाइप मिळतो आणि चांगला असतो. आत तोडीस तोड मापाचा तुकडा सरकवून मग वेल्डिंग करणारा कारागीर शोधा, नुसते दोन पाइप टोकाला टोक लावून चिकटवणारा नको. शॉकॲबसॉर्बर जिथे चेसिसला बसतो त्याच्या पुढे कापायला जाऊ नका. आणि पाइप पक्का करायच्या आधी मागचे दोन्ही शॉक काढून चाक हाताने वर उचलून बघा, तेही शॉक पूर्ण दाबला जाईल तेवढ्या उंचीपर्यंत. देखण्या दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांचं मागचं टायर खड्ड्यात सीटच्या तळाला घासतं, कारण स्टँडवर उभी असताना मधली जागा भरपूर वाटते. चेसिस कापल्यावर नोंदणीचं काय होतं हेही आधीच बघून घ्या. देशोदेशी नियम वेगळे आहेत आणि वेल्डिंग झाल्यावर ते वाचण्यात हशील नाही.

आता तो त्रिकोण.

५५० ला चार केहिन कार्ब्युरेटर आहेत आणि त्यांच्या मागे एक मोठा प्लास्टिकचा एअरबॉक्स, म्हणजे हवा गाळून आत सोडणारा डबा. कॅफे रेसर म्हटलं की तो पहिल्यांदा भंगारात जातो आणि त्याच्या जागी चार सुटे पॉड फिल्टर (प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारे छोटे एअर फिल्टर) येतात. बॅटरी सीटच्या कुबडात कोंबायची, वायरिंग कुठेतरी लपवायचं, की सीटखाली पलीकडचं दिसायला लागतं. मी पॉडही लावून पाहिले आणि एअरबॉक्सही, त्यामुळे हे ऐकीव नाही. पॉडवर गाडी खालच्या आरपीएमला ठीक, वर एकदम मोकळी, आणि मधे जिथे रोजचं चालवणं असतं तिथे अडखळते. थ्रॉटल जरा उघडला की क्षणभर काहीच नाही, मग धक्का.

याला कारणं आहेत. एअरबॉक्सच्या रबरी नळ्यांना आतून गोलाई दिलेली असते, हवा त्यातून सरळ आणि शांत शिरते. स्वस्त पॉडच्या आत मात्र रबराची कडा पुढे आलेली असते, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवेची जी बारीक छिद्रं असतात ती त्या कडेखाली अर्धीमुर्धी झाकली जातात. मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) कितीही बदला, हिशोब जुळत नाही. माझ्याकडचा संच नेमका असलाच होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तसलाच माल दहा नावांनी विकला जातो. कडा छाटली, मेन जेट मोठे घातले, नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल वर उचलली, म्हणजे पेट्रोल वाढवलं. प्लगचा पांढरा पडलेला रंग तपकिरीवर आला, गाडी बरीच सुधारली. तरी बाजूने जोराचा वारा आला की तिचा सूर बदलतोच. ज्यांच्या गाडीला व्हॅक्यूमवर चालणारे सीव्ही कार्ब्युरेटर आहेत, उदाहरणार्थ यामाहा एक्सएस ६५०, त्यांना पॉडचा त्रास याहून जास्त. एअरबॉक्स परत लावला आणि मधला अडखळा गेला. त्रिकोण भरलेला दिसतो. दिसू दे.

जेटच्या नादी लागण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासा, नाहीतर वाट्टेल त्या रोगावर वाट्टेल ते औषध चालू राहतं. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्या मधले रबर इतक्या वर्षांत लाकडासारखे कडक होतात आणि तिथून हवा ओढतात. इंजिन थंड असतानाच चालू करून तिथे कार्ब क्लीनरचा थोडासा फवारा मारा. आरपीएम हललं तर रबर गेलेत. दुसरं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. थंड इंजिनवर इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.०८ मिलिमीटर. हे झालं, पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचची) फट नीट झाली, की मग व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्ब्युरेटर एका सुरात आणा. क्रम उलटा केला तर दिवस जातो आणि सूर लागत नाही.

पॉइंटबद्दल बोलायचं तर दोन संच आहेत, एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा, दुसरा मधल्या दोघांचा. चांगले जुने पॉइंट वाईट नसतात. पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की ते झिजणं आणि पुन्हा पुन्हा सेट करणं संपतं, आणि बाहेरून काही कळतही नाही. निमूटपणे बसवून टाका.

वायरिंगमध्ये फसवणूक बॅटरीची आहे. कुबडात मावते म्हणून छोटी लिथियम बॅटरी घेतली जाते. ५५० च्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नाही. फिल्ड कॉइलला बॅटरीतूनच वीज जाते, आणि आयडलवर (गाडी थांबलेली, इंजिन मंद चालू) चार्जिंग जेमतेम असतं. सिग्नलला दिवा लावून उभं राहिलं की बॅटरी भरायची सोडून रिकामी व्हायला लागते. त्यात जुना यांत्रिक रेग्युलेटर ढिला पडला की वरच्या आरपीएमला व्होल्टेज चढतं आणि लिथियमला ते सोसत नाही. म्हणून छोटी बॅटरी लावायची तर नव्या पद्धतीचा रेग्युलेटर-रेक्टिफायर आणि एलईडी दिवे, दोन्ही सोबत हवेत. एलईडी इंडिकेटर लावले की त्यांना लुकलुकवणारा फ्लॅशरही बदलावा लागतो, नाहीतर ते लुकलुकतच नाहीत किंवा वेड्यासारखे लुकलुकतात. मीटर एकच ठेवून बाकी सगळं काढायची फॅशन आहे. खुशाल काढा, पण ऑइल प्रेशरचा लाल दिवा ठेवा.

बसायची ढब हा या रूपाचा प्राण, आणि इथेच अर्धवट काम सर्वांत जास्त दिसतं. खाली क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांना थेट आवळायचं) हँडल लावायचं आणि फूटरेस्ट कंपनीच्याच जागी ठेवायचे, याला काही अर्थ नाही. अंग पुढे झुकतं, पाय पुढेच राहतात, सगळं वजन मनगटांवर येतं. क्लिप-ऑनसोबत रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले फूटरेस्ट, हवेतच. गुडघे टाकीला भिडले आणि पाय मागे गेले की कंबर वजन उचलते, मनगटं मोकळी होतात आणि गाडी एकदम वेगळी वाटते. मी घेतलेल्या रिअरसेटचं मशीनिंग सुरेख होतं, पण गिअरच्या दांड्याच्या सांध्यात इतका खेळ की दुसरा-तिसरा शोधावा लागे. शेवटी लेथवर नवे बुश करून घेतले. विकत घेताना दांडा हाताने हलवून बघा, आणि उजव्या बाजूला किक मारायला जागा उरते का तेही. सेल्फ आहे म्हणून किकला निरोप देऊ नका. वर सांगितलेली बॅटरी आठवा.

आता जिथे खरं सुख आहे तिथे येऊ. पुढचा ब्रेक एकाच डिस्कचा आणि त्याचा कॅलिपर एका पिनवर झुलणारा. ही पिन सुकली की कॅलिपर अडकतो, एकच पॅड काम करतो, आणि मालक म्हणतो जुन्या गाडीचा ब्रेक असाच असायचा. पिन साफ करून ग्रीस, पिस्टनला नवा सील, आतून तडकलेल्या रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेला होज. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो. फोर्कमध्ये नव्या स्प्रिंगा आणि नवं ऑइल घातलं की ब्रेक मारल्यावर नाक टेकवणं थांबतं. स्टिअरिंगच्या सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग आणि स्विंगआर्मला ब्रॉन्झचे बुश हे बाहेरून कोणालाही दिसणार नाही. तरीही लांब वळणात मागचं चाक डुलायचं ते याच दोन कामांनी बंद झालं. या चार-पाच गोष्टींना पैकीच्या पैकी.

टायरचं एक ऐका. पुढे १९ इंची, मागे १८ इंची, दोन्ही अरुंद. ही गाडी त्यांच्यावरच आखलेली आहे. जाडजूड, चौकोनी ठोकळ्यांच्या जुनाट नक्षीचे टायर फोटोत रुबाबदार दिसतात, पण त्यांवर गाडी वळायला कुरकुरते आणि ओल्या रस्त्यावर भरवसा राहत नाही. त्याच मापात आजच्या रबराचे टायर मिळतात, ते घ्या. सायलेन्सरला चारांचा एक करणं मला पटतं, होंडाने स्वतःच १९७५ च्या ५५० एफ आणि ४०० एफला तसं दिलं होतं. आवाज गोड, वजन कमी. पाइपांना उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळू नका, ती पाणी धरते आणि आतून पाइप खाते.

तर अशी झालेली गाडी कोणासाठी? एकट्याने, वळणावळणाच्या रस्त्यावर, तासदोन तास. त्यात ती आजच्या दुप्पट ताकदीच्या गाड्यांपेक्षा जास्त मजा देते, कारण तिची सगळी ताकद वापरता येते. ८,५०० आरपीएमपर्यंत खेचली की चार सिलिंडरांचा जो सूर लागतो त्यासाठी बाकीची झंझट माफ. मागे कोणाला बसवायचं असेल, सामान बांधायचं असेल, गर्दीतून रोज कामावर जायचं असेल, तर कंपनीने बनवलेली ५५० जशीच्या तशी नीट करा. ती गाडी वाईट नव्हतीच.

आणि स्वतः न करता दुसऱ्याने केलेली विकत घेणार असाल तर रंगाकडे नंतर बघा. इंजिन आयडलवर ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. आरपीएम चढलं तर क्लिप-ऑन लावताना थ्रॉटलची केबल नीट फिरवलेली नाही. हँडल टाकीला आपटत असेल तर वळणाच्या अटकावाकडे कोणी बघितलेलं नाही. मग खाली वाकून वेल्डिंगच्या सांध्यावरून बोट फिरवा आणि मागच्या मडगार्डखाली टायर घासल्याच्या काळ्या रेघा आहेत का ते शोधा. यातलं एक जरी सापडलं तरी कंपनीचा एअरबॉक्स, बाजूची कव्हरं आणि मूळची सीट जपून ठेवली आहे का ते विचारा, आणि नसेल तर भाव त्या हिशोबाने पाडून मागा.