नाशकात जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) दुरुस्त करून घेतलं, त्या गॅरेजचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हे लांबलंय. गॅरेजचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण गॅरेजवाल्या चाचांनीच बजावलंय, "नाव मत डालो बेटा, लोक नुसते बघायला येतात आणि चहा पिऊन जातात". सातपूरला एमआयडीसीच्या मागच्या गाळ्यांमध्ये आहे एवढंच लिहितो. आणि माझं इंजिन कुठल्या कंपनीचं तेही नाही लिहीत, चाळीस वर्षांच्या मशीनचे जे हाल झालेत ते आधीच्या मालकांनी केलेत, त्यात कंपनीचा काय दोष.

तर झालं असं की दिवाळीच्या आधी मामांसोबत मुंबईला गेलो होतो, जहाजांचं भंगार मिळतं त्या दारूखाना भागात चक्कर मारली आणि एका भंगारवाल्याकडे कोपऱ्यात ताडपत्रीखाली हे उभं. तीन सिलेंडर, ७० एचपी, टू-स्ट्रोक, ऐंशीच्या दशकातलं. मामा म्हणाले, "अरे पण समुद्र कुठंय तुझ्याकडे?" प्रश्न बरोबर होता. गंगापूर धरण आहे, पण ते आख्ख्या शहराचं प्यायचं पाणी, तिथे असलं तेल-धूर सोडणारं इंजिन टाकायचा विचारसुद्धा करू नये. दाभोळच्या खाडीत मित्राची पंधरा फुटी फायबरची बोट आहे, तिच्यासाठी घेतोय असं घरी सांगितलं. खरं कारण म्हणजे लहानपणी हर्णैच्या किनाऱ्यावर असलं एक इंजिन फुल्ल थ्रॉटलला जाताना ऐकलं होतं आणि तो आवाज डोक्यातून गेलाच नाही. शंभर-सव्वाशे किलोचं धूड छोटा हत्तीत टाकून कसारा घाट चढवून आणलं.

आता नाशकात आउटबोर्ड कोण बघणार? दोन ठिकाणी विचारलं, एकाने सरळ हात जोडले, दुसरा म्हणाला फोर-स्ट्रोक नवीन घ्या, हे कशाला उकरताय. मग कोणीतरी चाचांचं नाव सांगितलं. चाचा म्हणजे मूळचे आरएक्स १०० वाले, यामाहाची ती जुनी टू-स्ट्रोक बाईक. ती गाडी १९९६ ला बंद झाली तरी यांच्याकडे अजून पोरं रांग लावतात, सिलेंडर बोअर करून घ्यायला. आउटबोर्ड त्यांच्याकडे आलं ते गोदावरीच्या एका पुरानंतर, दुतोंड्या मारुती (ज्या मूर्तीवरून पूर किती चढला ते बघतात) बुडाला होता त्या वर्षी, कोणाच्या तरी रबरी बोटीचं इंजिन गाळ खाऊन बसलं होतं आणि दुसरं कोणी हात लावेना. चाचांनी उघडलं आणि म्हणाले, अरे ही तर आडव्याची उभी केलेली आरएक्स आहे.

चूक नाहीये ते. तोच टू-स्ट्रोक, तोच रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पट्टीची झडप), तेच पोर्ट (सिलेंडरच्या भिंतीतली भोकं), तीच तेल-पेट्रोलची मिसळ. फरक एवढाच की क्रँकशाफ्ट उभा, वर फ्लायव्हील, खाली लांब शाफ्ट पाण्यातल्या गिअरपर्यंत, आणि हवेच्या जागी पाण्याने थंड होतं. फोर-स्ट्रोकसारखे वरचे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, क्रँकच्या प्रत्येक फेरीला पॉवर स्ट्रोक. म्हणून तर एवढ्याशा वजनात एवढी ताकद निघते, आणि म्हणूनच पाना-पक्कड हातात असलेल्या माणसाला ते कळतं. मला वाटतं या जुन्या इंजिनांचं लोकांना वेड का आहे याचं उत्तर यातच आहे, स्पीड वगैरे नंतर. उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं, काय बिघडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

पहिल्या दिवशी चाचांनी चावी वगैरे लावलीच नाही. तिन्ही प्लग काढले, फ्लायव्हील हाताने फिरवलं आणि एकेका भोकावर अंगठा ठेवून डोळे मिटले. "तिसरा कमजोर आहे." मग कॉम्प्रेशनचा गेज लावला, वरचा १२०, मधला ११८ आणि खालचा ९५ पीएसआय! मी गपच. पिस्टनची रिंग कार्बनमध्ये चिकटली होती, सिलेंडरला ओरखडा नव्हता, नशीब.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी होती. फ्लायव्हील टेपर (निमुळत्या) शाफ्टवर बसलेलं असतं, लोक अडाण्यासारखं हातोडा मारतात आणि आतले मॅग्नेट फुटतात. चाचांनी पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) विकत नाही घेतला, शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्याकडे गेले, तीन भोकांची मापं दिली आणि तासाभरात जाड प्लेटचा पुलर बनवून आणला. बोल्ट हळूहळू कसत नेले, मध्ये थांबले, वरून एक टिचकी मारली आणि "टण्ण" करून चाक सुटलं. नाशकात समुद्र नाही हे खरं, पण लेथ पाहिजे तेवढे आहेत.

खाऱ्या पाण्याने जाम झालेले बोल्ट ही मात्र वेगळीच कटकट. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा बोल्ट आणि त्यात मीठ, मधे पांढरी पावडर धरते आणि वेल्डिंग केल्यासारखं घट्ट होतं. आठ दिवस रोज डिझेल सोडायचं, गॅसने शेकायचं, पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे. तरी एक तुटलाच, तो ड्रिल करून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवलं. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर उघडला तर दोन पाती गायब, आणि ती पाती कुठे गेली हे शोधल्याशिवाय चाचा पुढे जाईनात. मला वाटलं नवीन टाका आणि सोडा. पण ते तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकले असते तर नवीन इम्पेलर असूनही इंजिन तापून बसलं असतं. अर्धा तुकडा थर्मोस्टॅटपाशी सापडला, बाकीचा तारेने उकरून काढला. तीन कार्बोरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट चिकटा होता, तो साफ झाला, मग तिन्ही बटरफ्लाय (हवेच्या झडपा) एकदम उघडतात का ते बघायला प्रत्येकीखाली सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची पट्टी ठेवून ओढून बघितली. जुने पेट्रोलचे पाइप सगळे काढून टाकले कारण आता पंपावर ई २० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं आणि जुन्या रबराला इथेनॉल झेपत नाही, वर ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवायचं नाही असा दम मिळाला.

ऑइलवरून पण ऐकून घेतलं. मी शहाणपणा करून बाईकचं टू-टी नेलं होतं. चाचा म्हणाले बोटीला टीसीडब्ल्यू ३ हे बोटीच्या टू-स्ट्रोकचं ऑइलच पाहिजे, पाण्यामुळे हे इंजिन थंडच चालतं, बाईकच्या ऑइलची राख आत साठते आणि मग परत रिंगा चिकटतात. दहा लिटरला दोनशे मिली, ५० ला १, डोळ्याच्या अंदाजाने नाही तर मापाने.

दुपारी काम बघत स्टुलावर बसायचो तेव्हा मी पण माझं वाचलेलं ज्ञान पाजळायचो. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीत आउटबोर्ड विकायला काढलं ते दीड एचपीचं होतं, आणि त्याला कल्पना सुचली म्हणे होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला तळ्यात वल्ही मारून घामाघूम झाल्यावर. चाचांना ते फारसं नाही आवडलं. पण कार्ल कीकहेफरची गोष्ट भलतीच आवडली. १९३९ मध्ये त्याने सीडरबर्गला एक बुडीत कारखाना घेतला, त्यात गिऱ्हाइकाने नापास करून परत पाठवलेली आउटबोर्डं पडून होती, त्याने ती दुरुस्त करून त्याच गिऱ्हाइकाला विकली आणि त्यातून मर्क्युरी ही आउटबोर्ड कंपनी उभी राहिली. "म्हणजे आपल्यासारखाच की, रिजेक्ट माल चालू करून खाल्ला!" पुढे १९५७ च्या मॉडेलला त्याच मर्क्युरीने सहा सिलेंडर एकावर एक रचून ६० एचपीचं मार्क ७५ काढलं. त्यात रिव्हर्स गिअरच नव्हता, मागे जायचं तर इंजिन बंद करून उलटं चालू करायचं. टू-स्ट्रोकला सुलट-उलट सारखंच, जुन्या स्कूटरला कधी कधी किक उलटी बसायची तसं. हे ऐकल्यावर चाचांनी पाना खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसते हसत होते. तसल्याच सहा सिलेंडरवर ह्यू एन्ट्रॉप नावाच्या रेसरने १९५८ मध्ये ताशी १०७ मैल काढले, म्हणजे १७० किमीच्या वर, लाकडी बोटीत! ऐंशीच्या दशकात तर जॉन्सन-एव्हिनरूडवाल्यांनी ३.६ लिटरचं व्ही ८ टू-स्ट्रोक आउटबोर्ड काढलं होतं. २०२० मध्ये एव्हिनरूड बंदच झालं. चाचा म्हणाले, आरएक्स पण बंद झाली, म्हणून काय लोकांनी चालवायची सोडली का.

आता तक्रारी, त्या पण आहेतच. तीन आठवडे सांगितले आणि अडीच महिने लागले. फोन उचलत नाहीत, शुक्रवारी दुपारी गेलात तर हेलपाटा. बिल कागदावर नाही, वहीच्या पानावर. मजुरी साडेअठरा हजार झाली, इम्पेलर, गास्केट, कार्बोरेटर किट मीच बाहेरून मागवलं, त्याचा खर्च मजुरीच्या वर गेला तो वेगळा. आणि पार्ट नंबर तुम्हीच शोधून न्यायचा, तिथे कॅटलॉग वगैरे काही नाही.

पहिल्यांदा चालू केलं ते आमच्या दिंडोरीच्या मळ्यात. माझा प्लॅन शेततळ्यात टाकायचा होता, वडिलांनी "तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद फाटला तर तुझं इंजिन विकून नवीन अंथरीन" म्हटल्यावर विषय संपला. मग म्हटलं फवारणीचा हौद आहे की. चाचांनी हौदाच्या कडेचा निळा-हिरवा डाग बघितला, बोट फिरवलं आणि नाही म्हणाले. त्यात आम्ही बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं द्रावण) कालवतो. मोरचूद ॲल्युमिनियमला खातं, दोन वेळा धुतला तरी त्या पाण्यात लेग (इंजिनाचा खालचा भाग) बुडवणार नाही म्हणाले. द्राक्षवाल्याच्या घरात जन्म घेऊन हे मला सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं. शेवटी पिंजऱ्यातली हजार लिटरची प्लॅस्टिक टाकी वरून कापली, अँगलच्या स्टँडवर इंजिन टांगलं, पंखा (प्रोपेलर) काढून ठेवला कारण पंख्यासकट चालवलं तर टाकीतलं पाणी आधी आपल्या अंगावर येतं. पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबून पेट्रोल वर घेतलं, चोक, चावी. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं आणि असला निळा धूर निघाला की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ट्रॅक्टर पेटला का रे?" कोणी आवाजाकडे बघत नव्हतं, चाचा वाकून मागच्या बारीक नळीकडे बघत होते. पाण्याची धार सुरू झाली, बोट धरून कोमट आहे का बघितलं, तेव्हा कुठे त्यांनी खिशातली सुपारी काढली. नंतर गेज लावला तर १२२, १२०, ११८.

दाभोळला नेलं फेब्रुवारीत. आरामात चालवताना हे इंजिन खरं तर वैताग आहे, खडखड करतं, अडखळतं, धूर नाकात. पण थ्रॉटल पुढे ढकलला की बोटीचं नाक वर येतं, क्षणभर समोरचं काही दिसत नाही, मग नाक खाली बसतं, बोट पाण्याच्या वर चढते आणि तीन सिलेंडरचा आवाज एकच होतो. साडेपाच हजार आरपीएमला मित्र काहीतरी ओरडत होता, मला ऐकूच आलं नाही. नंतर कळलं तो पेट्रोलचं ओरडत होता. फुल्ल थ्रॉटलला तासाला पंचवीस लिटरच्या आसपास पितं, कारण एक्झॉस्टचा पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं बरंचसं न जळताच बाहेर जातं. तुम्हाला रोज मासेमारीला किंवा धंद्याला पाहिजे असेल तर नवीन फोर-स्ट्रोक घ्या, उगाच भावनेच्या भरात असलं काही घेऊ नका.

पण घेतलंच असेल आणि नाशिकमध्ये असाल तर चाचांकडे न्या. पाचपैकी साडेचार, अर्धा फोन न उचलण्याचा कापला. शाफ्टची लांबी आधी मोजा, पंधरा इंची की वीस, तुमच्या बोटीला कुठली लागते ते त्यांना विचारू नका, त्यांनी बोट बघितलेली नसते. आणि जाताना स्टँड स्वतःचा न्या, त्यांचा माझ्याकडेच आहे अजून.