बार्बरा ऐकत असते तेव्हा: 'द गुड लाइफ'चा डीव्हीडी संच

लेक मार्चमध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगहून आली ती 'द गुड लाइफ'चा डीव्हीडी संच घेऊनच. मी तीन-चार वर्षं तिच्या मागे लागले होते. शेवटी तिने तिथल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेला संच घेतला. टपालखर्च धरून आपल्याकडचे हजार-बाराशे रुपये पडले. बीबीसीवर १९७५ ते १९७८ या काळात लागलेल्या या मालिकेची चारही पर्वं, १९७७चा नाताळचा विशेष भाग आणि १९७८ साली खुद्द राणीसमोर रंगलेला शेवटचा भाग, असे एकूण तीस भाग यात आहेत. एक सोडून बाकी सगळे मी दोनदा पाहिले. ज्यांना अभिनयात रस आहे त्यांनी तो घ्यावा, आणि का घ्यावा ते नीट सांगावं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी व्यवहाराची गोष्ट. आमच्या प्लेअरने पहिल्याच दिवशी तबकडी बाहेर फेकली. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागासाठी, म्हणजे रीजनसाठी, बनवतात; ब्रिटनच्या तबकड्या रीजन दोनच्या असतात आणि भारत येतो रीजन पाचमध्ये. लेकीने मग जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलून दिला. "आई, हा फक्त पाच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो. आता दोनवर ठेवलाय, हात लावू नकोस," असं बजावून गेली. तुमच्याकडे सगळे रीजन चालणारा प्लेअर नसेल तर हे ठरवूनच पैसे घाला.

मालिकेची गोष्ट साधी आहे. लंडनजवळच्या सर्बिटन नावाच्या खाऊनपिऊन सुखी उपनगरात टॉम आणि बार्बरा गुड हे जोडपं राहतं. टॉम ड्राफ्ट्समन. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात मुलांसाठी जी प्लास्टिकची खेळणी घालतात, त्यांचे आराखडे काढणं हे त्याचं काम. चाळिसाव्या वाढदिवसाला त्याला वाटतं, हे काय आयुष्य झालं? नोकरी सोडतो, आणि दोघं घराच्या मागच्यापुढच्या अंगणात बटाटे, कोबी, मटार लावतात, डुकरं पाळतात, कोंबड्या पाळतात. बकरीचं नाव जेरल्डिन, कोंबड्याचं लेनिन. पैसा जवळजवळ नाहीच. शेजारी राहतात मार्गो आणि जेरी लेडबेटर. हा जेरी टॉमच्याच कंपनीतला. त्यांच्या घरात सगळं कसं जागच्या जागी, आणि कुंपणापलीकडे चिखल.

ही मालिका म्हटली की लोकांना मार्गो आठवते. पिनेलोपी कीथने ती केलीही तशीच आहे, आणि त्या कामासाठी तिला १९७७चा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. माझं म्हणणं एवढंच की हा संच घ्यायचा तो बार्बरासाठी, म्हणजे फेलिसिटी केंडलसाठी.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते जुहूच्या पृथ्वी थिएटरमुळे. आम्ही पार्ल्याचे. बँकेतून सुटलं की मी आणि हे बसने जुहूला जायचो. १९७८ साली हे थिएटर उघडलं तेव्हा तिथे पहिलं नाटक झालं ते आपल्या गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी यांनी ते केलं होतं. शशी कपूरच्या बरोबरीने हे थिएटर जिने उभं केलं ती त्याची बायको जेनिफर. ती फेलिसिटीची थोरली बहीण. '३६ चौरंगी लेन' या चित्रपटातली जेनिफर ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. या घरातल्या बायका चेहरा फार कमी हलवतात, आणि तरी सगळं कळतं. जेनिफर १९८४ साली गेली.

फेलिसिटीचा जन्म १९४६चा, इंग्लंडमधल्या ऑल्टनचा. पण ती वाढली आपल्या देशात. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा यांची 'शेक्सपिअराना' नावाची फिरती नाटक मंडळी होती. गावोगावच्या शाळा, कॉन्व्हेंटं, संस्थानिकांचे वाडे, जिथे बोलावणं येईल तिथे जायचं आणि शेक्सपिअर करायचा. आपल्याकडे संगीत नाटकांच्या कंपन्या जशा बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावं पालथी घालायच्या, तसाच हा संसार. उत्पल दत्त याच मंडळीत तयार झाले. शशी कपूरही त्यांच्याबरोबर फिरला. फेलिसिटी रंगमंचावर पहिल्यांदा आली तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं ते पळवून आणलेलं मूल म्हणून तिला नेलं होतं. शाळा झाली ती सहा वेगवेगळ्या लोरेटो कॉन्व्हेंटांत, मंडळीचा मुक्काम जाईल तशी. नाट्यशिक्षण म्हणून जे काही झालं ते विंगेत उभं राहून, आईबापाचं काम रोज पाहून.

मी स्वतः वीसेक वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम केलं, बहुतेक दुय्यम भूमिकांत. आमचे दिग्दर्शक तालमीत एकच गोष्ट घोकून घ्यायचे: तुझं वाक्य नसतं तेव्हा तू काय करतेस ते मला दाखव. वाक्य म्हणणं कुणालाही येतं. समोरचा बोलत असताना जिवंत राहणं फार थोड्यांना जमतं. यातल्या दुसऱ्या प्रकारचं काम इतक्या जवळून आणि इतका वेळ बघायला मिळावं, हे मला या संचाने दिलं.

एक जागा सांगते. तिसऱ्या पर्वात 'द विंडब्रेक वॉर' नावाचा भाग आहे. मार्गो वाऱ्यासाठी आडोसा उभारते, त्यावरून दोन घरांत वाजतं, आणि भांडण मिटल्यावर चौघं टॉमची घरगुती दारू पीत बसतात. ती मटाराच्या शेंगांची. टॉम तिला बर्गंडी म्हणतो. दोनचार पेले पोटात गेल्यावर मार्गो एकदम सांगू लागते की आपल्याला विनोद कळत नाही. शाळेत पोरी तिच्या माहेरच्या आडनावाला जोडून तिला चिडवायच्या, ते सगळं बाहेर येतं. प्रसंग मार्गोचा आहे. पण तुम्ही एकदा तो मार्गोकडे बघून पाहा आणि मग मागे नेऊन फक्त बार्बराकडे बघा. मैत्रिणीचं हे दुखणं तिच्या मनात कसं उतरतं, ते आपल्याला दिसत राहतं. मार्गोवर आपण हसत होतो आणि एकाएकी तिच्याबद्दल कणव वाटते. त्या कणवेची वाट बार्बराने मोकळी करून दिलेली असते.

दुसरी जागा चौथ्या पर्वाच्या शेवटच्या भागातली, 'ॲनिव्हर्सरी'. स्वावलंबनाचा वाढदिवस साजरा करून दोघं घरी परततात तर कुणीतरी आत घुसून घराची नासधूस केलेली. त्याआधीचे सत्तावीस भाग आपण या घरात हसलेलो असतो. ही मालिका स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, त्यामुळे ऐकू येणारं हसू खऱ्या माणसांचं आहे. या प्रसंगात ते थांबतं. आणि इतके दिवस टॉमच्या प्रत्येक खुळात हसत उभी राहिलेली बार्बरा कोसळते. पुरे झालं, असं ती म्हणते तेव्हा ते एखाद्या विनोदी मालिकेतलं वाक्य वाटत नाही. आपल्या ओळखीतली एखादी बाई बोलते आहे असं वाटतं. मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे शेजारी पेपर वाचत होते. इंग्रजांचे उच्चार त्यांना नीट लागत नाहीत, म्हणून ते बसत नाहीत माझ्याबरोबर. त्या क्षणी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं हो तिला?"

मग मी त्यांना पहिल्या भागापासून दाखवलं. सबटायटल्स आहेत, इंग्रजीतली, आणि ती लावाच. सगळ्यात आधी नाताळचा भाग लावा असं मी म्हणेन, कारण तो एकटा पाहिला तरी समजतो. मार्गोने मागवलेलं झाड काही इंचांनी आखूड निघतं. ती सगळा नाताळचा माल परत पाठवते आणि अख्खा सणच तिच्या घरी येत नाही. शेवटी ती दोघं गुडांकडे येतात. तिथे टोप्या वर्तमानपत्राच्या कागदाच्या, नाताळात दोघांनी ओढून फोडायचे कागदी फटाके घरी केलेले आणि आवाज तोंडाने काढायचा. मार्गोच्या वाट्याला 'डेली मिरर'ची टोपी येते आणि ती तिला चालत नाही. हे हसत हसत लोळले.

चित्राच्या दर्जाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. घरातले प्रसंग व्हिडिओवर आणि बाहेरचे सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले आहेत, त्या काळच्या बीबीसीच्या रीतीप्रमाणे. त्यामुळे बार्बरा स्वयंपाकघरातून अंगणात पाऊल टाकते तेव्हा चित्राचा पोतच बदलतो. आत लख्ख आणि सपाट, बाहेर दाणेदार आणि मऊ. चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. मला अंगणातले प्रसंग जास्त आवडतात. डंगरी घातलेली, गमबूट चिखलात, हातात फावडं. ती घरं सर्बिटनची नाहीत, चित्रीकरण लंडनच्या वायव्येला नॉर्थवूडमध्ये झालं. लेक म्हणते पुढच्या वेळी आलीस की नेते.

संचात जे नाही त्याची चुटपुट लागली तीही लिहिते. फेलिसिटी इथवर कशी पोचली हे यातून कळत नाही. १९६५चा 'शेक्सपिअरवाला' हा चित्रपट म्हणजे जवळजवळ तिच्याच घरची गोष्ट. नाटक मंडळीचे मालक-मालकीण तिचे खरे आईवडील, ती त्यांची मुलगी लिझी, समोर शशी कपूर, आणि संगीत सत्यजित राय यांचं. त्यानंतर ती लंडनला गेली. १९७४ साली तिथल्याच ग्रीनिचला ॲलन एकबॉर्नची तीन नाटकं एकत्र झाली, एकाच घरातल्या एकाच शनिवार-रविवारची गोष्ट तीन जागांवरून सांगणारी. त्यांत तीही होती आणि पिनेलोपी कीथही. पुढच्याच वर्षी दोघी या मालिकेत आल्या. आधी रंगमंचावर एकत्र घासून आलेल्या आहेत हे दोघींच्या टायमिंगमध्ये पदोपदी जाणवतं. एखादी पंधरा मिनिटांची चित्रफीत या प्रवासाबद्दल जोडली असती तर फार बरं झालं असतं.

आणि नंतरचं तर मोठंच आहे. लोक तिला गोड बार्बरा म्हणूनच धरून बसले, ते तिच्यावर अन्याय करणारं आहे असं मला मनापासून वाटतं. १९७९ साली 'अमेडियस' पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा मोझार्टची बायको तिने केली. नाटककार टॉम स्टॉपर्डच्या 'द रिअल थिंग', 'हॅपगुड' यांतल्या नायिका तिच्या. १९९५चं 'इंडियन इंक' त्याने तिच्या आईला अर्पण केलं आहे. १९३० सालच्या हिंदुस्थानात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा आणि तिचं चित्र काढणारा भारतीय चित्रकार यांची ती गोष्ट. फेलिसिटीने फ्लोरा केली. आणि तीस वर्षांनी, २०२५च्या डिसेंबरात, लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरला तेच नाटक पुन्हा आलं तेव्हा फ्लोराची म्हातारी बहीण तिने केली, एकोणऐंशीव्या वर्षी. लेकीला मी म्हटलं होतं, माझ्यासाठी तू तरी जाऊन ये. 'रोझमेरी अँड थाइम' ही २००३ साली सुरू झालेली तिची रहस्यमालिका बागकामामुळे पाहायला बरी वाटते, पण त्यात तिला करायला फारसं काही नाही.

तक्रार एकच आणि ती विक्रेत्याची आहे. पानावर 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात दुसऱ्या पर्वाच्या तबकडीवर बोटभर लांब ओरखडा निघाला. एक भाग मधोमध अडकतो, चित्राचे चौकोन होतात आणि पुढे सरकत नाही. लेकीने फोटो काढून पाठवले, चार दिवस उत्तर नाही, मग अर्धे पैसे परत आले. वापरलेला संच घेणार असाल तर प्रत्येक तबकडीचा उजेडात धरलेला फोटो आधी मागा आणि मगच पैसे भरा. आणि आल्याबरोबर सगळ्या तबकड्या लावून तपासा, एकच लावून समाधान मानू नका.

तो अडकलेला भाग अजून माझा पाहायचा राहिला आहे. त्या एका पर्वाची तबकडी सुटी मिळते का ते लेक शोधते आहे. तोवर ह्यांनी 'ॲनिव्हर्सरी' पुन्हा लावायला सांगितलाय, रविवारी, माझी धाकटी जाऊ येणार आहे तेव्हा.