हेडर साफ करायला ‘चेकपॅच’: कुठे ऐकायचं आणि कुठे नाही

सी भाषेतली जुनी, फुगलेली हेडर फाइल (अनेक फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) फोडायची असेल, म्हणजे काही स्ट्रक्चर दुसऱ्या फाइलमध्ये न्यायची, इनलाइन फंक्शनं बाहेर काढायची, तर त्याआधी शैलीची साफसफाई वेगळ्या कमिटमध्ये (गिट या आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनातल्या बदलाच्या एका नोंदीत) उरकून घ्यावी. शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टला (इथे चेकपॅच) हलवलेली प्रत्येक ओळ नवीच दिसते, त्यामुळे तिच्यातले जुने टॅब आणि भलत्या जागचे पॉइंटरचे तारे (*) नेमके तेव्हाच डोकं वर काढतात. हलवता हलवता ते दुरुस्त केले की गिटच्या ‘कलर-मूव्ह्ड’ पर्यायाला ओळ फक्त जागा बदलून आली आहे हे धड ओळखता येत नाही, आणि पॅच (पाठवलेला बदल) तपासणाऱ्याला सगळं अक्षरन् अक्षर वाचावं लागतं. आधी साफ केलं असेल तर ओळी जशाच्या तशा हलतात आणि खरा बदल चटकन दिसतो.

या कामासाठी सगळ्यात उपयोगी पडणारं हत्यार म्हणजे लिनक्स कर्नेलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधलं, शैलीच्या चुका दाखवणारं चेकपॅच. सात हजारांहून जास्त ओळींची ही एकच पर्ल फाइल. क्यूईएमयू या एम्युलेटर प्रकल्पानेही तिच्यावरूनच आपली आवृत्ती बेतली आहे, पण नियम वेगळे: कर्नेलला इंडेंटसाठी टॅब हवा, क्यूईएमयूला चार स्पेस आणि टॅब अजिबात नको, कर्नेलमध्ये एका ओळीच्या ‘इफ’ला महिरपी कंस नकोत, क्यूईएमयूत हवेतच. म्हणून एका प्रकल्पाची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हेडरवर चालवू नये. कर्नेलबाहेरच्या कोडवर कर्नेलची आवृत्ती वापरायचीच असेल तर ‘नो-ट्री’ द्यावा, नाहीतर ती कर्नेलचं झाड (सोर्स फोल्डर) सापडलं नाही म्हणून थांबते.

हेडरवर चालवताना ‘फाइल’, ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘शो-टाइप्स’ हे तीन पर्याय एकत्र द्यावेत. स्ट्रिक्टशिवाय ‘चेक’ या सौम्य पातळीवरच्या सूचना बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत, आणि हेडरमधल्या मॅक्रोंसाठी कामाच्या बऱ्याच सूचना तिथेच असतात. शो-टाइप्समुळे प्रत्येक तक्रारीचं नाव कळतं. ते पुढे लागतं.

मॅक्रोंच्या बाबतीत हे हत्यार पैसे वसूल करून देतं. (फुकट आहे, पण वेळेलाही किंमत असते.) समजा हेडरमध्ये असं आहे:

#डिफाइन वर्ग(क्ष) क्ष * क्ष

वर्ग(३ + १) लिहिलं की विस्तार होतो ३ + १ * ३ + १, आणि उत्तर १६ ऐवजी ७ येतं. चेकपॅच इथे दोन गोष्टी सांगतं: पूर्ण किंमत कंसात घाला, आणि प्रत्येक आर्ग्युमेंटही कंसात घाला. तिसरी सूचना आर्ग्युमेंट दोनदा वापरल्याची. ती कंसांनी सुटत नाही. ‘आय++’ दिलं तर ते दोनदा वाढणारच. त्यावर उपाय म्हणजे इनलाइन फंक्शन, आणि तो बदल शैलीच्या कमिटमध्ये नको. आर्ग्युमेंटला कंस घालणंही वेगळ्या कमिटमध्ये ठेवलेलं बरं, कारण एखाद्या ठिकाणी त्याने निकाल खरोखर बदलू शकतो.

आता जिथे ऐकायचं नाही ती जागा. चेकपॅच कोड कंपाइल करत नाही, प्रीप्रोसेसही करत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन लावून ओळी वाचतं. त्यामुळे नोंदींची यादी तयार करणारे मॅक्रो किंवा इनिशियलायझरचे तुकडे देणारे मॅक्रो त्याला ‘कंस नसलेली गुंतागुंतीची किंमत’ वाटतात. तिथे कंस घातले तर हेडर कंपाइलच होत नाही. टाइपडेफ काढून टाका, ही तक्रारही या टप्प्यावर सोडून द्यावी. टाइपडेफ काढला की ते नाव वापरणाऱ्या सगळ्या फाइली बदलतात, आणि ते काम रिफॅक्टरिंगचं आहे.

एक चूक वारंवार होते. हेडरमधल्या फंक्शन प्रोटोटाइपपुढचा ‘एक्स्टर्न’ काढा असं चेकपॅच सुचवतं, आणि ते निर्धोक आहे. मग कुणीतरी सेड (शोधून बदलणारी कमांड) लावून फाइलमधले सगळेच एक्स्टर्न उडवतं. व्हेरिएबलपुढचा एक्स्टर्न गेला की ती नुसती घोषणा राहत नाही. हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्या व्हेरिएबलची व्याख्या तयार होते. जीसीसी कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून (२०२०) ‘नो-कॉमन’, म्हणजे अशा दुबार व्याख्या एकत्र न करणं, हा डिफॉल्ट असल्याने लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून थांबतो. त्याआधीच्या जीसीसीवर हेच गुपचूप चालून जायचं, आणि ते जास्त वाईट.

आपोआप दुरुस्तीसाठी ‘फिक्स’ वापरावा; तो मूळ फाइलला हात न लावता शेजारी ‘एक्स्पेरिमेंटल’ असं नावातच सांगणारी वेगळी फाइल लिहितो. ‘फिक्स-इनप्लेस’ मूळ फाइलवरच लिहितो. दोन्हीही मोकाट सोडू नयेत. ‘टाइप्स’ पर्यायात एकाच तक्रारीचं नाव द्यावं: आधी ओळीच्या शेवटची मोकळी जागा, मग इंडेंट, मग ताऱ्याची जागा, आणि दर वेळी डिफ वाचावा.

कोडची मांडणी आपोआप बदलणारा क्लँग-फॉरमॅट वापरायचा मोह होतो. तो सी समजून घेतो, वेगवान आहे, कर्नेलमध्येही २०१८ पासून त्याची सेटिंग फाइल आहे. पण अख्ख्या हेडरवर मी त्याची शिफारस करणार नाही. रजिस्टरचे पत्ते सांगणारे शंभर-दीडशे डिफाइन हाताने रांगेत लावलेले असतात. ‘अलाइन-कन्सेक्युटिव्ह-मॅक्रोज’ चालू नसेल तर तो सगळे रकाने एका स्पेसवर आणतो, आणि चालू असेल तरी मूळ सेटिंगमध्ये मधल्या रिकाम्या ओळीपाशी किंवा टिप्पणीपाशी रांग नव्याने सुरू करतो. एलएलव्हीएम या तयार शैलीत तो इन्क्लूडही अकारविल्हे लावतो. विंडोजवर ‘विनसॉक२’ हे ‘विंडोज’ हेडरच्या आधीच यावं लागतं. क्रम उलटला की व्याख्यांची टक्कर होते. त्याला वापरायचंच तर ‘सॉर्ट-इन्क्लूड्स’ बंद, तक्त्यांभोवती ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’ आणि ‘ऑन’ अशा टिप्पण्या, आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती, कारण आवृत्ती बदलली की निकालही बदलतो.

साफसफाईने कोड बदलला नाही याची खात्री करून घ्यावी. आधी आणि नंतर ‘-जी’ (डीबग माहितीचा पर्याय) न देता बिल्ड करून ऑब्जेक्ट फाइलींचं डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) ताडून बघावं. कर्नेलमध्ये यासाठी ‘ऑब्जडिफ’ स्क्रिप्ट आहेच. फरक दिसला म्हणून लगेच घाबरू नये. हेडरमधल्या इनलाइन फंक्शनात असर्ट (अट खोटी ठरली तर ती आणि ओळीचा क्रमांक छापून थांबणारा मॅक्रो) असेल आणि वरच्या ओळी कमी-जास्त झाल्या असतील तर ओळीचा क्रमांक बदलतो. असर्टच्या आत ‘अ+ब’चं ‘अ + ब’ केलं तर संदेशाची स्ट्रिंगही बदलते, कारण मॅक्रो ती अभिव्यक्ती मजकूर म्हणून छापतो. या दोन कारणांत न बसणारा फरक मात्र खोदून काढावा.

साफसफाईच्या कमिटमुळे ‘ब्लेम’ची, म्हणजे कुठली ओळ कुणी कोणत्या कमिटमध्ये बदलली हे दाखवणाऱ्या गिटच्या कमांडची, वाट लागते. गिट २.२३ पासून (२०१९) अशा कमिटचा पूर्ण हॅश एका फाइलमध्ये लिहून ‘ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज-फाइल’ या सेटिंगला तिचं नाव देता येतं. हॅश नंतरच्या कमिटमध्ये लिहावा, तोही मूळ शाखेत गेल्यावर. मधे रिबेस किंवा स्क्वॉश झालं (कमिट नव्याने लिहिल्या किंवा एकत्र केल्या) तर लिहिलेला हॅश कुठेच सापडत नाही.

हेडर स्वतःच्या पायावर उभं आहे का, म्हणजे त्याला लागणारे सगळे इन्क्लूड त्यातच आहेत का, हे चेकपॅच आणि क्लँग-फॉरमॅट दोघंही सांगत नाहीत. त्यासाठी फक्त ते हेडर इन्क्लूड करणारी एका ओळीची सी फाइल करावी आणि जीसीसीला ‘सिंटॅक्स-ओन्ली’ देऊन चालवावी. एखादा प्रकार माहीत नाही अशी तक्रार आली, तर ते हेडर आजवर शेजारच्या इन्क्लूडच्या जिवावर चाललं होतं. ते इन्क्लूड फाइल फोडायच्या आधी जोडावं, नाहीतर नव्या फाइलीही पहिल्याच बिल्डला पडतात.