दिवाळी एक्झिबिशनचा स्टॉल बुक करताय? आधी हॉलच्या ऑफिसला फोन लावा

घरून काही बनवून विकणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय, खास करून ज्या यंदाच्या सिझनला पहिल्यांदाच स्टॉल लावणार आहेत. गिऱ्हाईक फसवतं ते शंभर-दोनशेला, पेमेंट झालं म्हणून खोटा स्क्रीनशॉट दाखवतं, नाहीतर माल घेऊन गायब होतं, तेवढं आपण बघून घेतो. मोठा गंडा घालतात ते "ताई तुमचा माल आम्ही विकून देतो" वाले. त्यांना आपल्या मालाशी काही घेणंदेणंच नसतं, त्यांचं गिऱ्हाईक आपणच असतो.

माझं काम खणाचं. खणाच्या पर्स, पाऊच, तोरणं, देवघरातली आसनं, पैठणी काठाच्या बटव्या. भांडुपला घरीच मशीन आहे, कापड मंगळदास मार्केटमधून, लेस आणि लटकन भुलेश्वरहून, पॅकिंगचे बॉक्स अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणते. ज्यांचं असलं काम आहे त्यांना माहितीये की दिवाळीचा माल गणपतीच्या आधीपासून शिवायला घ्यावा लागतो, म्हणजे पैसे आधी कापडात जातात, मग शिलाईला मदतीला येणाऱ्या बाईला जातात, आणि सप्टेंबरमध्ये घरात माल भरलेला आणि हातात पैसा नाही अशी परिस्थिती असते. त्यावेळी प्रत्येक जण एकच शोधत असतो, हा माल उतरवायचा कुठे. हे गंडवणारे बरोब्बर त्याच महिन्यात उगवतात, तो काही योगायोग नाही.

तर व्हॉट्सॲपवर बचत गटाच्या ग्रुपमध्ये एक पोस्टर आलं. दादरला स्टेशनपासून चालत जाता येईल असा हॉल, दिवाळीच्या आधीचा वीकेंड धरून तीन दिवस, ५० स्टॉल, फक्त महिला उद्योजक. दादर म्हटल्यावर कुणाचेही कान टवकारतात. सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीकडची माणसं तिथे उतरतात, दिवाळीच्या खरेदीला तर पाय ठेवायला जागा नसते. पोस्टरवरच्या नंबरला फोन केला तर एक मॅडम बोलल्या, अतिशय गोड बाई, मराठी एकदम स्वच्छ, माझ्या मालाचे फोटो मागवून घेतले आणि म्हणाल्या "ताई, खणाचं आमच्याकडे अजून कुणीच नाहीये, एका कॅटेगरीचे दोनच स्टॉल ठेवते मी, तुमचं लॉक करू का?"

आता हे ऐकल्यावर लोक मला विचारतात की चौकशी नाही का केली. केली ना. हॉलच्या बुकिंगची पावती मागितली, त्यांनी फोटो पाठवला, खाली हॉलचा शिक्का वगैरे सगळं. मागच्या वर्षीचे फोटो मागितले, वीस-पंचवीस फोटो आले, भरगच्च गर्दीचे. आधी ज्यांनी स्टॉल लावला त्यांचे नंबर मागितले, दोन नंबर मिळाले, दोघींशी बोलले, दोघी भरभरून बोलल्या, एकीने तर सांगितलं की तिचा रविवारी दुपारपर्यंतच माल संपला. यापेक्षा माणूस अजून काय करणार? पण मेख इथेच आहे आणि म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. या सगळ्या चौकशीची उत्तरं मॅडमनीच दिलेली होती. पावती त्यांची, फोटो त्यांचे, आणि त्या दोन बायकाही त्यांच्याच.

मग स्टॉलचा नकाशा आला. बुक झालेले स्टॉल लाल, रिकामे हिरवे. रोज संध्याकाळी नवीन नकाशा पडायचा मॅडमच्या स्टॉलवाल्या ग्रुपमध्ये आणि रोज हिरवे कमी झालेले असायचे. बायकांची नुसती घाई, मला दरवाज्याजवळचा द्या, मला कॉर्नर द्या. कॉर्नरला हजार जास्त. मी कॉर्नर घेतला, १४ नंबर. स्टॉलचे ६,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ७,६७०. मग लाईटचं डिपॉझिट म्हणून १,०००, "परत मिळेल ताई". मग म्हणे उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा कागद, कम्पल्सरी आहे, नसेल तर आमचा माणूस काढून देईल, १,२०० रुपये. जिचा फराळाचा स्टॉल होता तिच्याकडून फूड लायसन्सचे वेगळे ३,५०० घेतले.

इथे जरा थांबते कारण हे पुढे कुणालाही उपयोगी पडेल. उद्यम रजिस्ट्रेशनला सरकार एक रुपया घेत नाही. जुलै २०२० पासून ते सुरू आहे, आधार आणि पॅन लागतं, घरबसल्या आपल्या मोबाईलवरून होतं. सरकारी साईटच्या नावाच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, तेवढं बघायचं, कारण सेम टू सेम दिसणाऱ्या खासगी साईट पैसे घेतात आणि तुमचे डिटेल पण घेतात. फराळ, चॉकलेट, लोणची विकणाऱ्यांना एफएसएसएआय, म्हणजे खाण्याच्या मालावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं हे खरं, पण छोट्या धंद्याच्या बेसिक रजिस्ट्रेशनची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. शंभर! बाकीचे ३,४०० कुठे गेले ते तुम्हीच समजा.

आणि जीएसटी. मला बिल दिलं होतं, त्यावर जीएसटी नंबर छापलेला, म्हणून उलट जास्त विश्वास बसला. तो नंबर पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा कंपनीचा पॅन. माझ्या बिलावरचा नंबर २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात. जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता कुणालाही नंबर टाकून बघता येतं की तो कुणाचा आहे. नंतर टाकून बघितला तर टाइल्सच्या दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की त्याच्या नावावर दादरमध्ये कंदील आणि पणत्या विकल्या जाणार होत्या.

अजून एक, पैसे भरताना यूपीआयवर समोर नाव येतं ना, ते वाचा. बिलावर एक नाव, फोनवर मॅडमचं दुसरं, आणि यूपीआयवर तिसऱ्याच कुठल्या पुरुषाचं. विचारलं तर "आमचे अकाउंटंट आहेत ताई, करंट अकाउंटची लिमिट संपलीये" असं उत्तर तयार. पैसे घ्यायला कसली आलीये लिमिट?

फुटलं कसं ते ऐका. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं सेटिंग होतं, म्हणजे आपण एकमेकींशी बोलायचंच नाही. पण मेंबरांची यादी तर दिसते. डोंबिवलीची एक मुलगी, मेणबत्त्या बनवते, तिने मला वेगळा मेसेज केला की तुमच्या शेजारी कोण आहे, माझा १४ आहे, आपण टेबल शेअर करूया का. मी म्हटलं १४ तर माझा आहे. मग आम्ही दोघींनी यादीतल्या एकेकीला मेसेज करायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत १४ नंबरच्या पाच जणी सापडल्या. कॉर्नर म्हटल्यावर सगळ्यांनी जास्तीचे हजार दिलेले.

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेलो. ऑफिसमधल्या काकांनी रजिस्टर उघडलं, त्या तीन दिवसांना साड्यांचा सेल, दुसऱ्याच पार्टीचं बुकिंग, तेही जूनमध्येच झालेलं. पावतीचा फोटो दाखवला तर म्हणाले पावती आमचीच आहे, पण ही ऑगस्टमधल्या एका दुपारच्या मिटिंगची आहे, तारखेच्या जागी खाडाखोड केलीये. म्हणजे बाईने दोन-अडीच तासांसाठी हॉल खरंच घेतला होता, पावतीपुरता! डोकं बघा. काका पुढे म्हणाले ते मात्र जिव्हारी लागलं, "फोन केला असता तरी सांगितलं असतं की आम्ही, ऑफिस दहाला उघडतं."

आणि ते गर्दीचे फोटो? डोंबिवलीवालीने गूगलवर फोटो टाकून शोधलं, त्यातले बरेचसे पुण्याच्या कुठल्यातरी प्रदर्शनाचे निघाले. एका फोटोत तर मागच्या बॅनरवर पुण्याचा पत्ता अर्धा दिसतही होता.

आम्ही मॅडमना लगेच काही बोललो नाही. हे महत्त्वाचं आहे. रागाच्या भरात ग्रुपवर सुनावलं की समोरचा चॅट डिलीट करतो, ग्रुपमधून काढून टाकतो, हातात काही उरत नाही. आधी सगळ्यांनी आपापले चॅट एक्सपोर्ट केले, पेमेंटचे स्क्रीनशॉट, त्यातला यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर) दिसेल असे, बिलं, नकाशे, व्हॉइस मेसेज, सगळं एका ठिकाणी. मग १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. लागायला वेळ लागतो, धीर सोडायचा नाही, नाहीतर त्यांची साईट आहे सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, तिथे तक्रार टाकता येते. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. आमच्यातल्या एका रांगोळीवालीने आदल्या रात्रीच दुसरा हप्ता भरला होता, तिचे तेवढे पैसे बँकेत होल्ड झाले. माझे भरून बरेच दिवस झालेले, ते केव्हाच तीन खाती फिरून एटीएममधून निघून गेले होते.

पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा पहिलं वाक्य ऐकायला मिळालं, "ताई हे सिव्हिल मॅटर आहे, कार्यक्रम कॅन्सल झाला असेल, पैसे परत मागा." हे तुम्हालाही ऐकवतील म्हणून सांगते. कार्यक्रम खरंच कॅन्सल होणं वेगळं आणि हॉल बुक न करता खोटी पावती दाखवून पैसे घेणं वेगळं, ही सरळ फसवणूक आहे. पूर्वीचं ४२० कलम आता नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात फसवणुकीचं कलम ३१८. आमच्यातल्या एकीचे मिस्टर कोर्टात क्लार्क, त्यांनी हे सांगून ठेवलेलं. हॉलच्या काकांकडून रजिस्टरमध्ये बुकिंग नसल्याचं लेटरहेडवर लिहून घेतलं होतं, ते पुढे ठेवलं आणि एकीऐवजी अकरा जणी एकत्र उभ्या राहिलो, तेव्हा साहेबांनी खुर्च्या मागवल्या. एकटीने जाऊ नका, एवढंच म्हणेन. आणि हद्दीवरून टोलवायला लागले तर झिरो एफआयआर म्हणा, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, मग ते तिकडे पाठवतात.

मॅडमनी शेवटपर्यंत नाटक सोडलं नाही. आधी म्हणे हॉल बदललाय, मग म्हणे आचारसंहितेमुळे परवानगी अडकलीये (कसली आचारसंहिता, देव जाणे), मग सासूबाई आयसीयूत, मग फोन बंद. मधे एकदा तर म्हणाल्या की सगळ्यांना महालक्ष्मी सरसमध्ये जागा मिळवून देते, फक्त डिफरन्स भरा. सरस हे बचत गटांचं सरकारी प्रदर्शन आहे, तिथले स्टॉल राज्य सरकारच्या उमेद अभियानातून गटांना मिळतात, फोनवरून डिफरन्स भरून नाही. एक जण त्यालाही तयार झाली होती, आम्ही हात धरून थांबवली.

मालाचं म्हणाल तर निम्मा सोसायटीच्या गेटजवळ दोन संध्याकाळी टेबल लावून गेला, थोडा नवऱ्याच्या ऑफिसमध्ये, आणि आसनं अजून कपाटात आहेत. आता मी स्टॉल घेते ते असे की आधी त्या आयोजकाच्या चालू असलेल्या प्रदर्शनात गिऱ्हाईक म्हणून जाते, स्टॉलवाल्यांशी मीच जाऊन बोलते, आणि हॉलचा नंबर पोस्टरवरून न घेता हॉलच्याच बोर्डवरून घेते. खरे आयोजक याचा राग मानत नाहीत. एक जण तर स्वतःच म्हणाला, हॉलला फोन करून खात्री करा आणि मगच पैसे पाठवा.

तक्रार देऊन काही महिने झाले तर परवा अजून एक नमुना. फोन आला, हिंदीत, "सायबर सेल से बोल रहे हैं, आपका पैसा रिकव्हर हो गया है." माझं नाव माहीत, रक्कम बरोबर, ९,८७०, तारीखसुद्धा बरोबर. पैसे सोडवायला प्रोसेसिंग फी १,१८० भरा म्हणाला. हे लोक फसलेल्यांच्या याद्या एकमेकांना विकतात म्हणे, किंवा हा त्याच मॅडमचा कुणी असेल. मी म्हटलं, "भैया, उसी में से काट लो, बाकी ८,६९० भेज दो." दोन सेकंद गप्प राहिला आणि फोन कट.