भोसरीतलं इंजिनचं वर्कशॉप: आधी मोजतात, मग जोडतात

दारावर पाटी नाही आणि मालकाला जास्त गर्दीही नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. भोसरी एमआयडीसीत आतल्या गल्लीत एक शेड आहे. रॅलीच्या आणि ट्रॅकवर पळवायच्या गाड्यांची इंजिनं तिथे हाताने बांधतात. आम्ही आमची २००१ ची होंडा सिटी व्हीटेक (जास्त वेगात व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा) दिली होती. १४९३ सीसी, १०६ बीएचपी; त्या काळी ज्याने ही चालवली त्याला अधिक सांगायला नको. पण अलीकडे ऑइल प्यायची, आणि खंबाटकी चढताना आमच्या मागे कोणी थांबत नसे, इतका निळा धूर.

मी टूलरूम आणि नंतर इन्स्पेक्शनमध्ये उभा जन्म काढला. त्यामुळे गॅरेजमध्ये शिरलो की माझी नजर पान्यांवर नाही, गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनांवर जाते. इथे बोअर (सिलिंडरचं भोक) मोजायचा गेज पेटीत, मायक्रोमीटरशेजारी सेटिंग रिंग (गेज जुळवायची अचूक मापाची कडी), टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायच्या पान्यावर) कॅलिब्रेशनचं स्टिकर, आणि तेही मुदतीतलं. कॉटन वेस्टचा बोळा औषधालाही नाही. त्याचा एक धागा ऑइलच्या भोकात गेला तर बेअरिंगची वाट लागते. माझं निम्मं मत तिथेच झालं.

ब्लॉक उघडून धुऊन झाल्यावर मालकाने बोलावलं. मी दुपारी पोचलो, तर म्हणाला, "काका, आत्ता नको. उद्या सकाळी मोजू." तो सगळे भाग रात्रभर एसीच्या बंद खोलीत ठेवतो. मी खूश झालो. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, आणि ७५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५ अंश जास्त तापला तर वीस-पंचवीस मायक्रॉन फुगतो. बोअरचं लायनर (आतलं अस्तर) बिडाचं, ते त्याच्या निम्मंच फुगतं. पिस्टन आणि बोअरमधली फटच मुळात तीस-चाळीस मायक्रॉनची. शेडमध्ये भर दुपारी मोजून काय हाती लागणार?

सकाळी बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजला. टेपर निघाला, म्हणजे वर-खाली माप वेगळं. बोअरिंग (कापून बोअर मोठा करणं), मग हॉनिंग (दगडाने आतून घासणं), त्याच्या तिरक्या रेघा एकसारख्या. पिस्टनची नवी रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, फीलर गेजने (पातळ पात्यांच्या गेजने) तिच्या टोकांमधली फट पाहिली. एका रिंगची कमी भरली. लगेच बारीक कानस, दोनदा घासणं, पुन्हा गेज, पुन्हा दोनदा घासणं. गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडली तर रिंग अडकते आणि बोअर ओरबाडते. रेडीमेड सेट आहे म्हणून बहुतेक ठिकाणी हे कोणी बघत नाही. बेअरिंगचंही तसंच: होंडाच्या शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) रंगांवरून निवडतात, पण इथे रंगावर विश्वास न ठेवता जर्नलवर (क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) प्लॅस्टिगेजची मऊ प्लॅस्टिकची तार ठेवून, कॅप टॉर्कने आवळून, पुन्हा उघडून चपटी झालेली तार पट्टीवर मोजली, त्यावरून फट कळते.

जर्मनीत अफाल्टरबाखला मर्सिडीजच्या एएमजीची काही इंजिनं एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधतो आणि त्याच्या सहीची पट्टी वर लागते. निसानच्या जीटी-आरची इंजिनंही योकोहामात अशीच, नावाच्या पाटीसह बनत. पट्टी बघायला छान, पण ती बांधणाऱ्याच्या अभिमानाची. मला इथे पट्टी मिळाली नाही, चार पानांचा कागद मिळाला: प्रत्येक बोअर, प्रत्येक जर्नल, प्रत्येक रिंगची फट, पिस्टनची वजनं, प्रत्येक बोल्टचा टॉर्क, थंड इंजिनवर घेतलेली टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट. तो मी फाइलला लावला आहे. पुढचा मेकॅनिक कोणीही असला, तरी त्याला अंदाज बांधायची गरज नाही.

आता तक्रारी. वेळेचा अंदाज ही त्यांची सर्वात कच्ची बाजू. हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) बाहेरच्या मशीन शॉपला फेसिंगसाठी, म्हणजे तळ सपाट करायला दिलं, परत आलं तेव्हा स्ट्रेटएजखाली (सरळ पट्टीखाली) उजेड दिसत होता, तळ सपाट नव्हता. पुन्हा पाठवलं, हे योग्यच; पण मला कळलं ते मीच फोन केल्यावर. पावसाळ्यात दिलेली गाडी हातात आली तोवर स्वेटर बाहेर निघाले. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला फोटो येतात, खाली एक शब्द नाही. खर्चाचा आकडाही लेखी मिळत नाही, तोंडी सांगतात. आणि बिल? गाडी आज विकली तर जे येतील त्याहून जास्त. घरी आकडा सांगायचा नाही असं ठरलं होतं, तरी कळलाच.

सुरू करताना प्लग काढून आधी नुसतं फिरवलं, ऑइल प्रेशरचा दिवा विझल्यावरच प्लग बसवले. पहिल्या टप्प्यात साधं मिनरल ऑइल, एकाच वेगात ताणून चालवायचं नाही, आणि ते ऑइल लवकर काढून टाकायचं. रनिंग-इन (नवं बांधलेलं इंजिन जपून चालवायचा काळ) संपल्यावर कात्रज ओलांडून गेलो. पाच हजार आरपीएमच्या आसपास व्हीटेक लागून आवाज बदलतो तो पूर्वीसारखा, आरशात निळं काही नाही.

रोजची गाडी चार दिवसांत परत हवी असेल तर इथे जाऊ नका, नाना पेठेतून पार्ट आणून तुमचा नेहमीचा मेकॅनिक करतो तेच बरं. इंजिन मनापासून जपायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, मालक तेव्हाच निवांत बोलतो. हजार किलोमीटरनंतरची टॅपेट तपासणी बिलात धरलेली आहे. गॅस्केट मात्र तुमचं.